सातेरी माश्यांचं आजारपण

नवरा गेल्यावर धारगळच्या घरात मी आणि परसातल्या सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या, एवढंच उरलं. तो शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा; खाण बंद पडल्यावर त्याने त्या आणल्या होत्या. मुलगा दुबईला. सकाळी पोदेर पाव देऊन गेला, की दिवसभर दारात दुसरं माणूस नाही.

एका पावसाळ्याच्या अखेरीस माश्या पेटीसमोर जमिनीवर रांगताना दिसल्या. पोट फुगलेलं, पंख धड असून उडता येईना. पेटीच्या तोंडाशी तपकिरी डाग. बघता बघता दोन पेट्या रिकाम्या झाल्या. मेलेल्या माश्या डबीत भरून मी बसने शेतकी कार्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तांदळाच्या कणीसारखे चकचकीत दाणे होते.

"आतड्यातला परजीवी आहे, काकी. याचे बीजाणू विष्ठेतून बाहेर पडतात आणि रिकाम्या पोळ्यातसुद्धा तग धरून राहतात."

"मग पोळी उन्हात तापवू?"

"मेण वितळेल, पण हा मरायचा नाही. उष्णता याला मानवते. कडक थंडी मात्र सोसत नाही."

"आमच्या गोंयात थंडी खंय मेळतली?"

त्या हसल्या. "तुमच्या फ्रीजरात."

फ्रीजरात बांगडे होते, तिसऱ्या होत्या. मे महिन्यात मुलगा येणार म्हणून साठवलेल्या. तो आला नव्हता. सगळं काढून शिजवलं आणि शेजारच्या कुलूपबंद घराच्या पायरीवर बसणाऱ्या मांजरांना घातलं. मग रिकाम्या पेट्यांतल्या पोळ्यांच्या चौकटी पिशव्यांत गुंडाळून आत ठेवल्या. उरलेल्या दोन पेट्या फणसाखालच्या ओलीतून उचलून मोकळ्यावर मांडल्या.

मुलाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं.

"मासे टाकलेस? आणि मी आल्यावर?"

"तू ये तर खरा. ताजे आणू."

तो रजेचं काही खरं नाही म्हणाला.

दोनातली एक पेटी गेलीच. दुसरी मात्र तगली. काजू मोहरला तेव्हा तिच्यातल्या माश्या पायांना पिवळा पराग लावून परतू लागल्या, तशा मी फ्रीजरातल्या चौकटींचा गारठा जाऊ देऊन त्या तिच्यात घातल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्यात नवी अंडी दिसली. केवढा आनंद झाला! कुणाला तरी सांगावं म्हणून फोन उचलला, पण मुलाची कामाची वेळ होती. फोन पदराखाली ठेवला आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिले.