गावरान
'गावरान अंडी' अशी आरोळी आली की मला शेजारचा दोस्त आठवतो. त्याचे आईवडील उत्तरेकडून नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात कामाला आले. हा जन्मला इथंच, भांडायचाही नगरी बोलीत. अंडीवाल्याला हसत म्हणायचा, "मामा, मीबी गावरानच हाय." त्याचे वडील गेले त्या दुपारी पत्रे तापले होते आणि दारात उदबत्तीचा वास कोंडला होता. माझ्या वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून मायेनं विचारलं, "गावाकडं कवा न्यायचं? गाडी सांगू का?" त्यानं मान वर केली. "काका, हेच गाव हाय की." मग इथंच अग्नी दिला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजाऱ्यांनी न्यायची असते. पण पुढच्या विधींना हे लोक आजच गावाला निघणार, असं आळीतल्या ज्यानं-त्यानं धरलं होतं, म्हणून कुणीच काही नेलं नव्हतं. दिवेलागणीला तो आमच्या उंबऱ्याशी आला आणि खाली बघत माझ्या आईला म्हणाला, "काकू, आईपुरत्या दोन भाकरी मिळतील का?" आई पीठ मळायला बसली. अंडीवाला अजून येतो. मी अंडी घेतो, पण गावरानच आहेत ना, असं विचारवत नाही.