सोडलेला बस्ता

"धुऊन पालथे घाला," दुकानदार म्हणाला आणि बोटानं बाहेरचा नळ दाखवला.

चहाचे ग्लास. चपला काढायच्या पायरीशेजारी कोनाड्यात ठेवलेले. तळाला जुन्या चहाचं कडं, एकात मेलेली मुंगी. आमच्यासारखी दलित वस्तीतली माणसं आली की तेच निघायचे. गादीवर बसलेल्या बागायतदारांना कपबश्या. त्या मात्र दुकानातला गडी उचलून नेत होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरची जुनी बाजारपेठ, आणि माझ्याच लग्नाचा बस्ता. दोन्हीकडची माणसं लग्नाचे कपडे घ्यायला जमली होती. आम्ही कळंबहून, नवऱ्याकडचे ओझरकडून. दुकान त्यांचं नेहमीचं. मी बारावी झालेली. पेठ बघायला मिळणार म्हणून सकाळपासून खुशीत होते.

आम्हाला पायरीवर बसवलं. शालू हातात दिला नाही, गादीवरून फेकला. तेही मी गिळलं.

मग होणारी सासू उठली. ग्लास गोळा केले. हसून म्हणाली, "चल गं पोरी, हात लाव. आत्तापास्नं सवय पायजे."

माझे वडील स्वच्छ धोतराच्या सोग्यानं आपला ग्लास पुसत होते. मान खाली. मला दुकानदाराची किळस आलीच. त्याहून जास्त आमच्या सवयीची आली.

"मी न्हाई धुणार," मी म्हणाले. "गडी कपबश्या नेतोय, हे बी नेईल."

दुकानदार हसला. "पावणं, तुमची नवरी कलेक्टर झाली का काय?"

गादीवरचेही हसले. आमच्यातलेही दोघं हसले.

नवऱ्याचा चुलता दातओठ खात म्हणाला, "गप बस. बस्ता बांधून झालाय."

आमच्यात बांधलेला बस्ता घरी जाईपर्यंत सोडत नाहीत. दुकानात सोडला तर लग्न मोडलं असं धरतात. हे मला पक्कं माहीत होतं. मी पुढं झाले आणि गाठ सोडली. शालू काढून गादीवर ठेवला.

"ह्या दुकानातलं लुगडं मी अंगाला लावणार न्हाई."

आईनं कपाळावर हात मारला. कुणी माझ्यामागं आलं नाही. भर पेठेतून एकटी एस. टी. स्टँडवर गेले. वळून पाहिलं नाही.

आठ दिवसांनी मध्यस्थ घरी आला. "पोरीनं सासूची आन् दुकानदाराची माफी मागावी. मग तारीख धरू."

वडील माझ्याकडे बघत राहिले. मी दारातच उत्तर दिलं.

"भाऊ, त्यांना सांगा. माफी मिळायची न्हाई. त्यांना अशी सून नको, मला बी असलं घर नको."

सोयरीक मोडली. वस्तीत बायका मला बघून कुजबुजायच्या. आई महिनाभर धड बोलली नाही. मी मंचरला टायपिंगच्या क्लासात नाव घातलं. लग्न होईल तेव्हा होईल. नाही झालं तरी चालेल. मान खाली घालून मी कुणाच्या घरात शिरणार नव्हते.