मधली जागा मोकळी

तौआलोफाच्या टॅबवर मधोमध एक मोठी रिकामी जागा होती, आणि नव्या मॅनेजरला ती पहिल्या दिवसापासून खुपत होती.

बेटावरच्या आपिया शहराच्या टोकाला असलेल्या कापडछपाईच्या दुकानात तौआलोफा एकवीस वर्षं नक्षी काढत होती. आधी लाकडी ठशांवर, मग कागदावर, गेली सहा वर्षं टॅबवर. टॅब हातात आला त्या दिवशी तिने तो पदराने पुसावा तसा कमरेला गुंडाळलेल्या लावालावाने पुसला आणि गावच्या फालेत, त्या बिनभिंतींच्या सभाघरात, माणसं कडेकडेने बसतात तशा त्यात नक्ष्या बसवल्या. दोन्ही टोकांना घराण्यांच्या मानाच्या नक्ष्या. समोरच्या ओळीत बोलक्या, गिऱ्हाइकाला दाखवायच्या. मागे, सभेचं पेय आवा कालवायला बसतात त्या पोरांच्या जागी, ब्रश, रंग आणि अर्धवट राहिलेलं सगळं. मध्ये कोणी नाही. फालेच्या मधून कोणी चालतं का?

नावंही तिचीच. एक फाइल ‘तुइलागीची बायको हिला मासा म्हणाली’. दुसरी ‘बरी आहे पण आगाऊ’. डाव्या टोकाला पहिली बसायची ती ‘मासिनाचं पान, विचारल्याशिवाय नाही’. मासिना म्हातारी गेल्यावर तिच्या मुलींनी अंगणातल्या नीरफणसाचं एक पान, किडीने पाडलेल्या भोकासकट, तौआलोफाकडून नक्षीत उतरवून घेतलं होतं. ते फक्त त्यांच्या घरच्यांच्या अंगावर दिसेल, असा शब्द तौआलोफाने त्यांच्या चटईवर बसून दिला होता.

मॅनेजर इलिसापेता ऑकलंडला वाढलेली. पोरगी हुशार, मनाने चांगली, फक्त नीटनेटकेपणाची बाधा झालेली. तौआलोफा भाच्याच्या लग्नाला सवाई बेटावर गेली, तेवढ्यात तिने सगळ्या नक्ष्यांना नंबर देऊन तीन फोल्डरांत कोंबलं: पानं, मासे, रेघा. आणि ते तिन्ही मांडले नेमके मध्ये.

सोमवारी तौआलोफा आली तेव्हा शेजारगावच्या चर्चच्या गायकमंडळाचं हिरवं कापड यंत्राला लावायचं तेवढं राहिलं होतं. पडद्यावर मासिनाचं पान.

“हे कुठून काढलंस?”

“पान सत्तेचाळीस. ते भोक किती गोड आहे ना, मावशी?”

तौआलोफाने चपला काढल्या, यंत्राच्या तोंडाशी जमिनीवर मांडी घातली आणि टॅब पुढ्यात ठेवला. कापड आत जायची वाट आता तिच्या मांडीवरून होती, आणि मांडी चांगली ऐसपैस होती.

“मावशी, उठा ना. रविवारपर्यंत शिवून व्हायचंय.”

“मी बसलेय. तू उभी आहेस.”

इलिसापेताचे कान लाल झाले. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोर ताठ उभं राहून बोलायचं नसतं, एवढं आईने ऑकलंडमध्येही शिकवलं होतं. ती बसली. पाय पसरले, मग आठवून दुमडले.

“मालकांना सांगावं लागेल. नोकरीवर येईल तुमच्या.”

“सांग. त्यांनाही खालीच बसावं लागेल, आणि त्यांचे गुडघे दुखतात.”

“एका पानासाठी?”

“मासिनाचं पान आहे ते. रविवारी तिच्या मुली त्या गायकमंडळासमोर बसणार. पंचवीस परक्यांच्या अंगावर आपली आई बघायची त्यांनी? मी शब्द दिलाय. यंत्र चालवायचंच तर माझ्यावरून चालव. मांडीवर पान उमटलं तर तेही मुलींना विचारूनच ठेवीन.”

इलिसापेताने हसू दाबलं. “पण तुमच्या मांडणीत शोधायचं कसं? सगळं तुमच्या डोक्यात. तुम्ही लग्नाला गेलात की दुकान आंधळं.”

“विचारायचं.”

“फोन लागत नव्हता.”

“मग मी येईपर्यंत थांबायचं.”

यंत्र काही चाललं नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत दोघी टॅबवर वाकून बसल्या होत्या. इलिसापेता एकेक नक्षी उचलून विचारत होती, “ही कुठे बसते?”

“उजवीकडे, दुसरी. हिच्या शेजारी ती नको, त्या घरांचं जमिनीवरून वाकडं आहे.”

गायकमंडळाला ‘बरी आहे पण आगाऊ’ मिळाली. त्यांना शोभलीही.

“निदान तारखा तरी घालू या?” इलिसापेताने शेवटचा प्रयत्न केला.

“फालेत पाहुणा आला की त्याची जन्मतारीख विचारतेस का?”

इलिसापेता पुन्हा टॅबवर वाकली. डाव्या टोकाजवळ एक चुकार मासा राहिला होता, त्याची जागा समोर उजवीकडे. तिने तो बोटाने उचलला, मध्यापर्यंत आणला, थबकली, मागे घेतला आणि कडेकडेने फिरवत नेऊन बसवला.