माझ्या रॉडची गुढी

पाडव्याच्या सकाळी अंघोळ करून बाल्कनीत आलो आणि ओरडलोच. समोरच्या टॉवरमधली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघायला लागली, इतक्या जोरात.

आईने गुढी उभारली होती. हिरवी साडी, कडुनिंबाचा डहाळा, वर तांब्या. नोएडात साखरेच्या गाठी मिळत नाहीत, म्हणून बत्ताशांची माळ. सगळं यथासांग. फक्त काठी माझी होती. काठी कसली, मासे पकडायचा रॉड, जो मी अख्खा हिवाळा खपून अण्णांसाठी बनवला होता. वर तो उलटा. मूठ तांब्याच्या आत, आणि नाजूक शेंडा खाली मोगऱ्याच्या कुंडीत खुपसलेला.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? गुढीची काठी सरकारी क्वार्टर सोडताना तिथेच माळ्यावर राहिली. इथे खाली दुकानात काठी मागितली तर मॉपचा दांडा दाखवला मेल्याने. आता मॉपवर उभारू गुढी?"

"अगं, पण हा रॉड आहे!"

"बघ ना, तांब्या कसा मापात बसलाय. आणि तुझा तो पट्टा, साडी आवळायला किती उपयोगी पडला! छान सोय करून ठेवलीस हो."

"काढ ती गुढी आधी."

"सूर्य मावळेपर्यंत हात लावायचा नाही," आई म्हणाली आणि श्रीखंडाकडे वळली. त्या आवाजापुढे आमचे जॉइंट सेक्रेटरीसुद्धा मुकाट खाली बसले असते. मी तर अंडर सेक्रेटरी.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत असताना रविवारी ते घरात सापडायचे नाहीत, कृष्णेवर गळ टाकून बसलेले असायचे. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. आहे तिथेच, पण पेला धरत नाही. आईला आणि त्यांना आम्ही इकडे आणलं. तेव्हापासून अण्णा खुर्चीत. लिफ्टने खाली उतरणं नाही, कुणाशी बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांचं मन रमवा. मन रमवा! जसं काही ते केमिस्टकडे गोळ्यांच्या पाकिटात मिळतं.

हरियाणात सोहना गावाच्या पुढे एका फार्मवर तळं आहे, तिथे गळ टाकू देतात. मी महिनोन्महिने अण्णांच्या मागे लागलो. शेवटी एकदा ते "बघू" म्हणाले. आमच्या ऑफिसात 'बघू' म्हणजे नाही, पण अण्णांचं 'बघू' म्हणजे होकार. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं. हा एक दिवस हातचा गेला की अण्णा पुन्हा खुर्चीत रुतणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तयार रॉडसाठी मी आधी दुकानं पालथी घातली होती. सगळे रॉड दोन धड हातांच्या माणसांसाठी. एका दुकानदाराला म्हटलं, वडिलांच्या हातात जोर नाही. तर म्हणतो, "तो अंकलजी को लूडो दिला दो ना." त्याच रागात मी घरी रॉड बनवायचं ठरवलं.

ज्याच्या घरी ट्यूबलाइट बदलायला इलेक्ट्रिशियन येतो, तो माणूस म्हणजे मी. कार्बनची कोरी काठी मागवली. दोरी ओवायच्या कड्या मागवल्या. पहाडगंजच्या बाजारातून रेशमी दोरा आणला. रोज कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसातून आलो की एकेका कडीवर दोऱ्याचे वेढे घालत बसायचो, वेढ्याला वेढा लागून, मध्ये केसभर फट नाही. वरून एपॉक्सी गोंदाचा थर. दिल्लीच्या थंडीत एपॉक्सी वाळायचं नाव घेत नाही, म्हणून बायकोचा हेअर ड्रायर. एकदा कडी अंगठ्यालाच चिकटली आणि तशीच मीटिंगला गेली. साहेब म्हणाले, "नया फैशन है क्या?"

मूठ मात्र माझी खरी करामत. कॉर्कच्या चकत्या एकावर एक चिकटवून ती चांगली जाडजूड केली, म्हणजे उजव्या हाताची बोटं वळली नाहीत तरी धरता यावी. मनगट आवळायला बीपीच्या जुन्या मशीनचा पट्टा जोडला. त्याच पट्ट्याने आता साडी आवळली होती.

सकाळपासून मी बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. बायकोने गुढीचा फोटो मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकला. "सगळ्या विचारतायत, एवढी सुंदर काठी कुठून आणली."

"सांग, नवऱ्याच्या छाताडातून काढली."

"अरे, चिल ना यार. सणासुदीचं तोंड बघ तुझं."

दुपारी वारा सुटला, तो मार्चमधला कोरडा, धूळ घेऊन येणारा. साडी शिडासारखी फुगली. रॉड वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. मी धावलो, दोन्ही हातांनी धरायला गेलो, तेवढ्यात खालून टक् असा आवाज आला. वीतभर शेंडा कुंडीतच राहिला. गुढी मात्र कठड्याला सुतळीने बांधलेली, ती जागची हलली नाही.

मग माझा तोल गेला. "झालं समाधान? करा आता बत्ताशांची पूजा! या घरात माझ्या एका वस्तूची कुणाला किंमत आहे? महिने घातलेत मी त्यात, महिने!" आईचा हात वरणाच्या पातेल्यावर तसाच राहिला. तिचे डोळे भरले, तरी मी थांबलो नाही.

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" मागून आवाज आला. अण्णा. किती दिवसांनी तो आवाज एवढा चढला होता. "मी दिली ती काठी. मीच म्हटलं, हीच घे."

"तुम्ही? अण्णा, तुमच्यासाठी बनवली होती ती!"

"मला विचारलंस? झोपेत माझ्या हाताचं माप घेत होतास टेप लावून. जागा होतो मी. दवाखान्यातलं यंत्र करून ठेवलंस. हा पट्टा, ही गाजरासारखी मूठ. उजव्या हाताला बांधून मला तळ्यावर बसवणार आणि चार लोकांना दाखवणार, की बघा, म्हातारा मासे पकडतोय?"

"मग उजव्या हाताने धरणार कसा?"

"उजव्याने कोण धरतंय? वर्षभर जेवतो कुठल्या हाताने, दाढी करतो कुठल्या हाताने? दिसत नाही तुला? डोळे काय ऑफिसात ठेवून येतोस?"

"पण मग दोरी गुंडाळायचं रील कोण फिरवणार? त्याला दुसरा हात—"

"रील पाहिजे कुणाला! मी कृष्णेवर कधी रील लावलं होतं? काठीच्या शेंड्याला दोरी, दोरीला गळ. एक हात पुरतो."

माझा राग काही उतरला नव्हता. उलट आता तो कुणावर काढावा हेही कळेना. आई डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही दोघं आधी जेवून घ्या."

सूर्य मावळल्यावर आईने हळदकुंकू वाहून गुढी उतरवली आणि मोडका रॉड माझ्या हातात दिला. अण्णा खुर्ची सोडून डायनिंग टेबलाशी येऊन बसले. "हं, आण ब्लेड. त्या कड्या काढून टाक सगळ्या, दोरी अडकते. आणि ती मूठ सोल."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मी एकेक वेढा कापत गेलो. रेशीम टेबलावर पडत होतं आणि माझे दात करकर वाजत होते. आईच्या पोळपाटाशेजारी ठेवून मूठ किसली. राहिलेल्या काठीच्या टोकाला मी दोरीचा एक फास मापात बांधला, तर अण्णांनी तो सोडवला आणि स्वतः बांधला, दोरीचं एक टोक दातात, एक डाव्या हातात. दोनदा सुटला. मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

"मग बसा करत रात्रभर!"

तिसऱ्यांदा बसला. त्यांनी ओढून बघितला, काठी एका हाताने हवेत फिरवली आणि ती थेट माझ्या कानाला लागली.

"पहाटे निघायचंय," मी कान चोळत ओरडलो. "उशीर केलात तर थांबणार नाही मी, सांगून ठेवतो!"

"तू उठ आधी!" अण्णा माझ्याहून मोठ्याने ओरडले.