पिरोगीचं टेबल आणि म्हातारा कॅचर

एका हंगामात एकशे एक सामने हरलेल्या बेसबॉल संघाबद्दल माणसं बोलून बोलून किती बोलतील? अमेरिकेतल्या सेंट हेडविग या पोलिश चर्चच्या तळघरात ऑक्टोबर उजाडला की दर गुरुवारी सकाळी सातला हे बोलणं सुरू होई आणि बाराला टेबलं पुसून झाली तरी अर्धवटच राही. पुढच्या गुरुवारी सोडलं होतं तिथूनच उचललं जाई.

हात मात्र कुणाचे रिकामे नसत. चर्चच्या मदतीसाठी हिवाळाभर शुक्रवारी पिरोग्या विकायच्या, म्हणून गुरुवारी त्या करायच्या. पिरोगी म्हणजे आपल्या करंजीची पोलंडमधली मावसबहीण. आत बटाटा आणि चीज, आणि तळायची नाही, उकळत्या पाण्यात सोडायची. एकाने कणीक लाटायची, एकाने डब्याच्या झाकणाने गोल पाऱ्या कापायच्या, आणि लांब टेबलाभोवती बसलेल्या बाकीच्यांनी सारण भरून मुरड घालायची. मुरड घालणाऱ्यांचं टेबल ही मानाची जागा. संघात कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, हे तिथे ठरे. संघाच्या मालकाला ते कधी कळलं नाही, हा भाग वेगळा.

बर्निस स्टाखुरा त्या टेबलाशी सव्वीस वर्षं बसत होती. वय त्र्याहत्तर. एकतीस वर्षं तिने शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला, त्यात तीन मुलं वाढवली. तिघंही नोकरीपायी दूरच्या राज्यांत गेली आणि तिथल्या संघांच्या टोप्या घालू लागली. यावर ती काही बोलत नसे. नाताळला फोटो आले की टोपीवरून नजर खाली घेऊन चेहरा बघे. नवरा रे पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. कारखाना बंद पडला, मग काही वर्षांनी रे गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. तो असताना दोघं रेडिओ लावून बसत. तो शिव्या देई आणि ती वहीत पेन्सिलने एकेका चेंडूची नोंद करी. रे गेल्यावर शिव्या बंद झाल्या, नोंद चालू राहिली. गेल्या हंगामातल्या एकशे एक पराभवांपैकी एकही तिने चुकवला नव्हता.

“अगं, बंद कर की तो रेडिओ,” तिची नणंद थेरेसा एकदा म्हणाली होती.

“आजारी माणसाजवळून असं उठून जातात का?” बर्निस म्हणाली.

पण घरात नोंद वाचून दाखवायला कुणी नव्हतं. उन्हाळाभर जे पाहिलं, ऐकलं, टिपून ठेवलं, ते बोलायची जागा एकच होती, ते गुरुवारचं टेबल. तिथे तिला लोक ऐकत. भांडत, पण ऐकत.

सप्टेंबरपासून तिच्या उजव्या अंगठ्यातला जोर गेला होता. सकाळी तो वाकतच नसे. गरम पाण्यात बुडवला की कुरकुरत वाकायचा. नोव्हेंबरात शुक्रवारच्या पातेल्यात पिरोग्या उकलायला लागल्या. मुरड सुटे, सारण पाण्यात जाई आणि वर नुसत्या रिकाम्या पाऱ्या तरंगत. गिऱ्हाईकं कुरकुरली. एक बाई तर डबा परत घेऊन आली आणि म्हणाली, “यात सारण घालायचं राहून गेलंय बघा.”

बर्निसने घरी एक डझन करून पाहिल्या. बारातल्या सात उकलल्या. पुरावा राहायला नको म्हणून तिने बाराच्या बारा खाल्ल्या.

काट्याने दाबून मुरड घालता आली असती, पण ते थेरेसाला चालत नसे. काट्याने पारीला भोक पडतं. थेरेसा पाव्लिक ही रेची बहीण आणि तळघराची सर्वेसर्वा. तिचा नियम साधा होता. ज्याचे हात गेले त्याने आत स्वयंपाकघरात जायचं, बटाटे सोलायचे, उकडायचे, कुस्करायचे. त्यात कमीपणा काहीच नव्हता. फक्त आत ट्रकच्या चाकाएवढा पंखा घरघरत असे आणि बाहेरचा एक शब्द ऐकू येत नसे. आजवर तिघं जण आत गेले होते. त्यानंतर मैदानात शॉर्टस्टॉपच्या जागी कुणाला उभं करायचं याबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

डिसेंबरात वाद पेटला तो कॅचरवरून. फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलायचा तो कॅचर. याचं आडनाव अल्काला, वय सदतीस, बारा वर्षं याच संघात, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. करार संपला होता.

“एक वर्ष द्यावं त्याला,” वॉल्टर गोर्स्की म्हणाला. वॉल्टर निवृत्त बसचालक. घरातसुद्धा टोपी काढत नसे.

“कशाला?” बर्निस म्हणाली. “खाली बसला की उठायला त्याला पंचाचा खांदा लागतो.”

“पोरांना शिकवतो गं तो. ते नवे पिचर त्याच्या बोटांच्या खुणा बघून चेंडू टाकतात. तो गेला की बघतील कुणाकडे, आकाशाकडे?”

“आकाशाकडे बघितलेलं कधीही चांगलं. मागच्या हंगामात एकोणसाठ जण त्याच्या नाकासमोरून, त्याने फेकलेला चेंडू पोचायच्या आत, पळत पुढचा बेस चोरून गेले. मी मोजलेत.”

“तू सगळंच मोजतेस.”

“मग कुणी मोजायचं? तू तर पाचव्या डावात झोपतोस.”

“मी डोळे मिटून ऐकतो.”

“घोरत घोरत?”

टेबल हसलं. “हात चालू द्या,” थेरेसा म्हणाली.

“कळवळ्याने संघ उभा राहत नाही, वॉल्टर,” बर्निस म्हणाली. “ज्याचे गुडघे गेले त्याने उठावं. टोप्या काढून उभे राहा, केक कापा, आणि घरी पाठवा. जागा अडवून बसू नये माणसाने.”

हे बोलता बोलता तिच्या हातातल्या पिरोगीची मुरड सुटली. तिने ती उलटी करून ट्रेमध्ये ठेवली.

टेबलाच्या टोकाला ल्युबोमिर ह्रुश्का बसे. ऐंशी वर्षांचा स्लोव्हाक विधुर. त्याचं चर्च बंद झालं म्हणून सप्टेंबरात इकडे आलेला. एका कानात यंत्र. वॉल्टर बोलला की तो “बरोबर” म्हणे आणि बर्निस बोलली की तेव्हाही “बरोबर” म्हणे. याच वर्षी तो आला आणि याच वर्षी पिरोग्या उकलायला लागल्या, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. बोलत कुणी नव्हतं.

जानेवारीत थेरेसाने चिठ्ठ्यांची युक्ती काढली. प्रत्येकाने आपापल्या ट्रेवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी ठेवायची. “कुणाला धरायचं नाहीये मला,” ती म्हणाली, “पण कळलं पाहिजे.”

बर्निसने त्या दिवशी पहिले दोन ट्रे जीव लावून केले. डाव्या हाताने उजवा अंगठा दाबून मुरड घातली. त्या दोन ट्रेंवर तिने नाव लिहिलं. तिसऱ्या ट्रेपर्यंत अंगठा संपला होता. तिसऱ्यावर तिने चिठ्ठीच ठेवली नाही. खोटं नाव लिहिलं नाही, कुणाच्या ट्रेशी अदलाबदल केली नाही. फक्त ठेवली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी थेरेसाचा फोन आला. “बिननावाचा एक ट्रे होता. जवळजवळ सगळा उकलला. ल्युबोमिरचाच असणार गं. बिचाऱ्याला ऐकू आलं नसेल चिठ्ठीचं. पुढच्या गुरुवारी आत घेते त्याला. कसं सांगायचं तेवढंच बघते.”

“हं,” बर्निस म्हणाली.

त्या एका ‘हं’ने तिला रात्रभर झोप लागू दिली नाही. शनिवारी दुपारी ती चर्चमध्ये पापनिवेदनाला गेली, जाळीआड बसलेल्या फादरना आपली चूक सांगायला. फादर एमेका नायजेरियाचे. इथे येऊन तीन वर्षं झालेली. भला माणूस, पण बेसबॉलच्या बाबतीत अजून निष्पाप. पुढे बर्निसनेच हे थेरेसाला सांगितलं, म्हणून कळलं.

“फादर, मी एका ट्रेवर चिठ्ठी ठेवली नाही.”

जाळीपलीकडून आवाज आला, “बरं. पुढे?”

पुढचं सांगायला पाव तास लागला, कारण त्यात कॅचरही आला.

“हे अल्काला आपल्या चर्चला येतात का?” फादरनी विचारलं.

“नाही फादर. ते कॅचर आहेत.”

“मग त्यांचं पाप काय?”

“म्हातारे झालेत.”

“ते पाप नव्हे, बर्निस.”

“बेसबॉलमध्ये आहे, फादर.”

फादरनी घसा खाकरला. “चिठ्ठीचं देव माफ करील. पण त्या गृहस्थांवरचा आळ मी प्रार्थनेने उतरवू शकत नाही. तो तुम्ही घातलात, तुम्हीच उतरवायचा.”

बाहेर येऊन तिने मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. आधी अंगठा बरा कर म्हणून मागितलं. मग वाटलं, सव्वीस वर्षं चालवला, आता हे मागणं जरा जास्तच होतंय. म्हणून सगळ्यांपुढे सांगताना तेवढा आवाज कापू देऊ नकोस, एवढंच मागितलं आणि घरी गेली.

गुरुवारी वॉल्टर वर्तमानपत्र घेऊनच आला. ते त्याने पिठात ठेवलं.

“घे. झालं तुझ्या मनासारखं. सोडला त्याला.”

बातमी तीन ओळींची होती. बारा वर्षांच्या सेवेबद्दल संघ आभारी आहे, असं तिसऱ्या ओळीत होतं. बर्निसने चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली.

“आता का गप्प?” वॉल्टर म्हणाला. “केक कोण आणणार?”

तेवढ्यात थेरेसा स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने एप्रनला हात पुसले, ते आधीच कोरडे होते. “ल्युबोमिर,” ती मोठ्याने म्हणाली, “जरा आत येता का? एक काम होतं.”

ल्युबोमिरने हातातली पिरोगी पुरी केली, नीट ट्रेमध्ये ठेवली आणि उठायला लागला.

“बसा तुम्ही,” बर्निस म्हणाली.

तो अर्धा उठलेला तसाच थांबला.

“थेरेसा, तो बिननावाचा ट्रे माझा होता. नोव्हेंबरपासून उकलल्या त्याही माझ्याच. माझा अंगठा गेलाय. यांचा काही दोष नाही.”

आवाज कापला नाही. लाटणं थांबलं. कुणाचा तरी चमचा सारणात रुतून उभा राहिला.

“आणि तू मोजलं नाहीस?” शेवटी वॉल्टर म्हणाला.

“मोजलं. डझनाला सात.”

“अगं, मग शुक्रवारी फोनवर का नाही बोललीस?” थेरेसा म्हणाली. “मी या माणसाला सगळ्यांदेखत—”

“आत गेले की तुमचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून,” बर्निस म्हणाली. “दुसरं काही कारण नाही. ते चुकलं माझं.” मग ती टेबलाच्या टोकाकडे वळली. “ल्युबोमिर, तुमच्यावर आळ आला आणि मी येऊ दिला. माफ करा मला.”

ल्युबोमिरने कानातलं यंत्र चाचपलं. इतक्या महिन्यांत तो ‘बरोबर’पलीकडे प्रथमच बोलला.

“मला आत जायचंच होतं,” तो म्हणाला. “इथे तुम्ही फार भांडता. आत यंत्र बंद करून बसता येईल.”

सगळ्यांनी थेरेसाकडे पाहिलं. बर्निसनेही पाहिलं. क्षणभर तिच्या मनात आलं, मग त्यालाच जाऊ दे की. पण अंगठा टेबलावर पालथा पडला होता, आणि सगळ्यांना दिसत होता.

“दोघं चला,” थेरेसा म्हणाली.

बर्निस उठली. एप्रनवरचं पीठ झटकलं. वॉल्टरने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्याच्या डोक्यावर केस नाहीत, हे अर्ध्या टेबलाला तेव्हा कळलं.

“केक नाही आणलेला,” तो म्हणाला.

“नकोच. साखर वाढलीये माझी.”

आत पंखा घरघरत होता. ल्युबोमिरने यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बटाटे सोलायला बसला. चेहऱ्यावर अशी शांती, की प्रार्थनेतसुद्धा कुणाच्या दिसू नये. बर्निस सुरी डाव्या हातात धरून सोलत होती. साली जाड निघत होत्या. वाढायच्या खिडकीतून टेबल दिसे. तोंडं हलत होती. वॉल्टरने हात मागे नेऊन दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकून दाखवला, कुणीतरी मान हलवून नाही म्हटलं, सगळे हसले. कशावर, ते तिला कळलं नाही.

एक पोतं तिने सोलून संपवलं. दुसऱ्याच्या मध्यावर ती उठली आणि सुरी हातात घेऊनच दारात येऊन उभी राहिली.

“त्याच्या जागी कोण येणार?”

“खालच्या संघातला पोरगा आहे,” वॉल्टर म्हणाला. “बावीस वर्षांचा. हात चांगला आहे म्हणतात.”

“आणि त्याला शिकवणार कोण?”

वॉल्टरने तोंड उघडलं. हेच तो डिसेंबरपासून घसा फोडून सांगत होता. टेबल त्याच्याकडे बघत राहिलं. त्याने तोंड मिटलं, नवी पारी उचलली आणि तिच्यात सारण भरलं.

“बघू,” तो म्हणाला. “मार्चमध्ये सराव सुरू झाला की कळेल.”

“बर्निस,” थेरेसाने आतून हाक मारली, “पाणी उतू चाललंय.”

“आले,” ती म्हणाली आणि आत गेली.