एकाला लागोपाठ दोन नाहीत

आमचे हजेरी मास्तर माणसाच्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघायचे. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात कुणाला कुठली ड्युटी लावायची, कुणाला रजा द्यायची, हे ठरवणारे हे हवालदार. सकाळच्या हजेरीला मान कायम खाली. "तोंड कुणीबी धुतं गड्या. बुटाला पालिश न्हाय, म्हंजी माणसाला झोप न्हाय," म्हणायचे. मग त्या शिपायाला टपाल देऊन बारामतीला धाडायचे, एस.टी.त तरी त्याचा डोळा लागावा.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. कालव्यात, विहिरीत कुणी सापडलं की प्रेत काढायचं, पंचनामा होईपर्यंत त्याच्याजवळ थांबायचं, वर घरच्यांना तोंड द्यायचं. एकदा ज्यानं केलं, पुन्हा त्यालाच पाठवायची रीत होती. "त्याला सवय हाय," एवढं म्हटलं की झालं. मास्तरांनी ती मोडली. एका माणसाला लागोपाठ दोन नाहीत म्हणजे नाहीत. दुसरं कुणी मोकळं नसलं की स्वतः जायचे.

मी कालव्यातून ऊसतोड्यांचं एक तान्हं लेकरू काढलं होतं. त्यानंतर घरी माझी मुलगी मला उचलून घेववेना. पाचव्याच दिवशी नरसिंहपूरहून निरोप आला, संगमावर बाई बुडाली. फौजदार माझं नाव घेणार तोच मास्तरांनी टोपी चढवली. "त्यो न्हाय. मी जातो."

"मास्तर, परवाबी तुमीच गेला व्हता," मी म्हणालो.

"माझं काय, जुनं खोड हाय."

आम्हाला ते पटलं. पटवून घेणं सोयीचंही होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मास्तरांनी हजेरीत बाईचं नाव पुकारलं. कुणी 'हजर' म्हणेना. त्यांनी पुन्हा पुकारलं. आमच्या ठाण्यात बाई शिपाई नव्हतीच. पोरं खुसूखुसू हसली. ते नाव मला ठाऊक होतं. संगमावर बुडालेल्या बाईचं होतं. तरी मी रांगेत ताठ उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

मास्तर आजारपणाच्या रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. दिवाळीनंतर कऱ्हाटीला त्यांच्या घरी गेलो. बाजेवर बसले होते, दाढी वाढलेली. मला राहवलं नाही.

"मास्तर, आमाला रजा देत व्हता. येळेवर एकदा तरी सोता घ्यायची."



"कुणाकडं मागायची रं?" त्यात थट्टा नव्हती, ते खरंच विचारत होते. "अर्ज तर माझ्याच टेबलावर यायचा."