डाव्या हाताच्या पट्ट्या

रविवार, दसऱ्याच्या चार दिवस आधी, सकाळी अकराची वेळ. रक्कम बारा हजार. त्यातले सात माझे, आवर्ती ठेवीतून काढलेले, पाच भाऊजींचे. हजर आम्ही चौघं: मी, हे, ह्यांचे थोरले भाऊ म्हणजे भाऊजी, आणि आमची मुलगी. जागा आमचाच हॉल, विरारला फुलपाड्याचा, चौथा मजला.

विषय होता मुलीसाठी मिडी कीबोर्ड घेण्याचा. हे वाद्य स्वतः वाजत नाही. वायरने लॅपटॉपला जोडायचं, पट्ट्या दाबायच्या आणि आवाज लॅपटॉपमधून काढायचा, मग तो सतारीचा असो की व्हायोलिनचा. मला हे समजायला दोन संध्याकाळी लागल्या. भाऊजींना समजून घ्यायची गरज वाटली नाही, कारण ते आमच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात.

गोरेगावात मालिकांना पार्श्वसंगीत देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी मुलीला महिनाभर पारखून मग मदतनीस म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. पगार अठरा हजार. महिनाभर घरी सराव करायचा आणि शेवटी त्यांच्यासमोर बसून, पडद्यावर प्रसंग चालू असताना, दोन्ही हातांनी वाजवून दाखवायचं. वसईला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे मुलगी सहा वर्षं पियानो शिकली. बाई मुलाकडे परदेशी गेल्या आणि त्यांच्या घरचा पियानोही तिला बंद झाला. म्हणून घरी काहीतरी हवं होतं.

माझी चौकशी झालेली होती. जूचंद्रला एक माणूस नोकरीसाठी बाहेरगावी चालला होता. त्याचा एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड, दोन वर्षं वापरलेला, साडेनऊ हजारांना. मुलगी जाऊन वाजवून आली होती. नवा घ्यायचा तर चौदा हजार. माझ्याकडे सात होते, म्हणून भाऊजींना विचारलं. त्यांनी लगेच पाच काढून दिले. तेवढं त्यांचं मान्य करायला हवं.

"एकसष्ट?" भाऊजी म्हणाले. "एवढ्या कशाला? आपल्या पेटीला बेचाळीस आहेत, त्यातल्या निम्म्यांना हात लागत नाही. अभंग दीड सप्तकात बसतो."

मुलगी म्हणाली, "काका, मला दोन्ही हातांनी वाजवायचंय. डाव्याने कॉर्ड धरायची, म्हणजे तीन-चार सूर एकदम, आणि उजव्याने चाल."

"डावा हात भात्याला असतो, बाळा."

"ह्याला भाताच नाहीये, काका."

"मग तर बरंच झालं. डावा हात मोकळा. चहा घे त्या हाताने."

हे हसले. मुलगीही थोडीशी हसली. काका गमतीत बोलतायत असं तिला तेव्हा वाटलं असणार. ते गमतीत बोलत नव्हते. आमच्या घरात सासऱ्यांपासून सगळ्यांनी पेटीच वाजवली. एक हात सुरांना, एक वाऱ्याला. डाव्या हाताला स्वतःच्या पट्ट्या लागतात, ही गोष्ट ह्या घरात कोणाच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हती. आपल्याला हे माहीत नाही, हेही कोणाला माहीत नव्हतं.

मी हिशेबाचा कागद पुढे केला. जूचंद्रचा पट्टीमागे एकशे छप्पन रुपयांना पडतो. वसईच्या दुकानात बत्तीस पट्ट्यांचा नवा सहा हजार दोनशेला आहे, तो एकशे चौऱ्याण्णवला. म्हणजे मोठाच स्वस्त.

"अगं, वांगी घेतेस की वाद्य?" भाऊजी म्हणाले. "किलोवर काय काढतेस! आणि दुसऱ्याच्या हातचं वाद्य घरात आणू नये. नवं घ्या. बत्तीस म्हणजे अडीच सप्तकं, भरपूर झाली. उरलेले पैसे ठेव तुझ्याकडे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "दादाला कळतं त्यातलं."

मुलीने आणखी एकदा सांगून पाहिलं, की त्या बत्तीस पट्ट्या अरुंदही आहेत, बोटांची सवय बिघडते. भाऊजींनी स्वतःचा पंजा पसरून तिच्यासमोर धरला. "ही बोटं बघ. माझी बिघडली का?"

त्याच दुपारी भाऊजी आणि हे वसईला गेले. दुकानात भाऊजींनी पट्टी दाबली, आवाज आला नाही. तेव्हा त्यांनी दुकानदाराला बिघडलेला माल दाखवतोस म्हणून झापलं, असं ह्यांनीच मला हसत सांगितलं. तरी घेतला तोच. पैसे देताना भाऊजींनी आपले पाच हजार आधी ठेवले, वरचे बाराशे ह्यांनी माझ्या पैशातून दिले. तो कीबोर्ड माझ्या एकटीच्या सात हजारांत आला असता. मोठा मिळावा म्हणून मी हात पसरला होता, आणि हात पसरला म्हणूनच लहान मिळाला.

दसऱ्याला भाऊजींनी त्याची पूजा केली. पट्ट्यांवर हळद-कुंकू, वर झेंडूचा हार. कुंकू फटींत गेलं. मुलगी संध्याकाळभर कान कोरायच्या काड्यांनी ते काढत होती.

मग तिने महिनाभर त्याच्यावर सराव केला. दोन हात ठेवले की अंगठे एकमेकांवर चढायचे. एक बटण दाबून सूर खाली-वर सरकवता येतात, पण मग दोन्ही हातांचे सरकतात. शेवटी तिने वाट काढली: आधी डाव्या हाताचं वाजवून लॅपटॉपमध्ये साठवायचं, मग ते ऐकत उजव्याचं वाजवायचं. कानाला छान लागायचं. मीही म्हटलं, जमतंय की. तोपर्यंत जूचंद्रचा कीबोर्ड विकला गेला होता. माझ्याकडे उरलेल्या पाच हजार आठशेत दुसरा मोठा कुठे मिळत नव्हता; मी विचारून पाहिलं होतं.

गोरेगावहून ती दुपारीच परत आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "नाही घेतलं."

"काय म्हणाले?"

"चाल आवडली त्यांना. म्हणाले, पण तुझे दोन हात एकमेकांना ओळखतच नाहीत. घरी कशावर वाजवतेस?"

"मग तू सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आधी बोलली असतीस तर इथे येऊन बसली असतीस. आता दुसऱ्याला हो म्हटलंय."

एवढं बोलून तिने ताट वाढून घेतलं आणि जेवली. मला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

रात्री भाऊजींना कळवलं. ते म्हणाले, "नशीब एकेकाचं. त्या लाइनीत ओळख लागते." पट्ट्यांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि ह्यांनीही काढला नाही. मी काढला, तर हे म्हणाले, "झालं ते झालं. दादाने स्वतःचे पैसे घातले, हे तरी लक्षात ठेव."

मुलगी आता विरार पूर्वेला डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. पगार अकरा हजार. कीबोर्ड खोक्यात घालून तिने स्वतःच कपाटावर ठेवला.

गेल्या महिन्यात मंडळाचं भजन आमच्या सोसायटीत होतं. चहाच्या वेळी कोणीतरी मुलीची चौकशी केली. भाऊजी पेटीवर आवरण घालत म्हणाले, "आम्ही काही कमी केलं नाही. पाच हजारांचं वाद्य घेऊन दिलं मी पुतणीला. पण आजकालच्या मुलांना चिकाटी नाही." मुलगी मागे कप गोळा करत होती. तिने ऐकलं. कप तिने तसेच नेले, एकही न वाजवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईलवरून भाऊजींना पैसे पाठवले. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"हे काय गं? घरातले पैसे कोणी परत करतं का?"

"वाद्य तुम्ही घेऊन दिलंत असं काल चारचौघांत म्हणालात, भाऊजी. आता तसं म्हणायला नको."

"रागावलीस?"

"हो."

मग म्हणाले, "बरं. राहू देत माझ्याकडे."

त्या बारा हजारांतून दिले ते असे: वसईच्या दुकानदाराला सहा हजार दोनशे, आणि भाऊजींना पाच हजार. उरले आठशे.